दोन जिल्ह्यांची पिचर

वस्तादांनी माझा केसानं गळा कापला, ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. लग्नाच्या पंगतीत सांगितली, मयतीला गेलो तिथं सांगितली, मास्तर लोकांच्या ट्रेनिंगमध्ये चहाच्या सुट्टीत तर हमखास सांगितली. ऐकणारा म्हणतो, "आयला, लईच बेइमान माणूस निघाला की हो!" आणि माझ्या जिवाला बरं वाटतं. पण दरवेळी मी ती एका ठिकाणी आणून थांबवतो. त्याच्यापुढं काय झालं ते कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता वय झालंय, गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा एकदाची शेवटपर्यंत सांगून टाकतो.

वस्ताद म्हणजे माझे गुरू. नांदेडला पोरापोरींना सॉफ्टबॉल शिकवायचे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच खेळ, फक्त चेंडू टाकणारा, ज्याला पिचर म्हणतात, तो हात खांद्यावरून न आणता खालून गोल फिरवून चेंडू सोडतो. आमच्या मुदखेडला हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. माझा बाप रेल्वेत गँगमन. मी पॅसेंजरनं नांदेडच्या कॉलेजात जायचो. एका दुपारी मैदानाच्या कडेला उभा राहून खेळ बघत होतो, तर वस्ताद ओरडले, "नुसतं बघून काय राहिला रे? ये, चेंडू धर." त्या दिवसापासून मी त्यांचा शागिर्द. बापानं जन्म दिला पण नजर वस्तादांनी दिली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो. आज हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

खेळ शिकवण्यापेक्षा त्यांची खरी कमाल होती खेळाडू हुडकण्यात. "पिचर मैदानावर सापडत न्हाई," म्हणायचे. "मैदानावर जो येतो त्याला आधीच कुणीतरी नासवलेला असतो." मग आम्ही दोघं हिंडायचो. गोदावरीच्या वाळूतून टरबुजं ट्रकमध्ये फेकणारी माणसं बघायची, लोह्याच्या बाजारात बघायचं, किनवटच्या वसतिगृहामागं चिंचा पाडणारी पोरं बघायची. त्यांचं सांगणं एकच. "हात बघू नको. हात फसवतो. फेकलेलं कुठं पडतं ते बघ, आन् दहा वेळा बघ." शाळेत गेलो की पोरं वर्गात आणि हे बाहेर, दारातल्या चपला उलट्या करून बघत बसलेले. खालून फेकणाऱ्याचा मागचा पाय घासत येतो, त्यानं उजव्या चपलेचा अंगठ्याकडचा भाग झिजतो म्हणे. एका मुख्याध्यापकानं त्यांना चप्पलचोर समजून धरलं होतं. मी हसून हसून लोळलो. वस्तादांना काही हसू आलं नाही.

पुढं मला अहमदपूरच्या पलीकडं एका मोठ्या गावात खेळाच्या मास्तरची नोकरी लागली. तिथं मी मुलींचा संघ उभा केला. अकरा पोरी, तीन ग्लोव्ह आणि जांभळीच्या लाकडाची गावच्या सुतारानं केलेली बॅट. सगळं होतं, पिचर नव्हती. आणि पिचर नसलेला संघ म्हणजे नवरदेव नसलेली वरात. नुसतं वाजवत फिरायचं.

त्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, आणि अर्धं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला लागलं. मी रोज सायकलवरून त्याच रस्त्यानं शाळेत जायचो-यायचो. बायका दगड फोडायच्या, फोडलेली खडी घमेल्यात भरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन टाकायच्या. सगळ्यांचे ढीग पसरट, पायानं तुडवलेले. एकच ढीग होता टोकदार. वरपर्यंत निमुळता, जणू कुणी हातानं रचलाय. एका दुपारी शाळेतून परतताना मी तिथं सायकल थांबवली. खडी टाकायला त्या ढिगाजवळ कुणी जातच नव्हतं. रस्त्याच्या अल्याड एक पोरगी उभी होती, आणि एकेक दगड कमरेखालून हात फिरवून पल्याड सोडत होती. दगड नेमका टोकावर पडायचा. मी दहा मोजले. मग आणखी दहा मोजले. रस्ता पावलांनी मोजला तर सोळा पावलं. पिचर आणि बॅटवाली यांच्यामधलं अंतर एवढंच असतं.

पोरगी आमच्याच शाळेत आठवीला होती. सकाळची शाळा करायची आणि दुपारी आईबरोबर कामावर यायची. मी आजवर तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

"दमत न्हाईस का गं?" मी विचारलं.

"चालून दमते सर. फेकून न्हाई."

सवयीनं माझी नजर तिच्या चपलांकडं गेली, तर पोरीच्या पायात चपलाच नव्हत्या. हात तिच्या! वस्तादांना हे कधी सांगीन असं झालं मला.

वर्षभर मी तिला घासली. चेंडू हातात दिला तेव्हा म्हणाली, "हा तर लई गुळगुळीत हाय, सटकतोय." दगडाच्या कडा पकडायची सवय. मी चेंडूच्या शिवणीवर बोटं ठेवायला शिकवली. महिन्याभरात तिचा चेंडू असा यायचा की आमची पकडणारी पोरगी रडकुंडीला यायची. जीव लावला मी त्या पोरीला. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तिची असायची, आणि तीही हक्कानं विचारायची, "सर, आज पिठलं न्हाई आणलं?"

तिचा बाप कमी बोलणारा माणूस. पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा "जयभीम सर" म्हणून बाज टाकली आणि सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं, राज्याच्या संघात हिचं नाव आलं की वसतिगृहात जागा मिळते, जेवण मिळतं, दहावी-बारावी फुकट होते. तो म्हणाला, "सर, यंदा बी पाऊस न्हाई. दसरा झाला की आमी ऊसतोडीला जाणार. नाव आलं तर पोरगी वसतिगृहात जाईल. न्हाई आलं तर आमच्यासंगं येईल, मंग शाळा संपली तिची." पुढच्या वर्षी ती वयाच्या हद्दीबाहेर जाणार होती. म्हणजे हे एकच वर्ष. मी छातीवर हात मारून म्हणालो, "नाव येणार. माझी जबाबदारी." आई चुलीपाशी होती, तिनं तिथनंच विचारलं, "नक्की ना सर?" मी म्हणालो, "हाव, नक्की."

आणि नेमकं त्याच वर्षी लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पण जिल्हा नवा म्हणजे खेळाची जिल्हा संघटनाही नवी, तिला वरून मान्यतेचा कागद पाहिजे, रबरी शिक्का पाहिजे. जुन्या उस्मानाबादच्या शिक्क्यावर आता आमचे फॉर्म कुणी घेईना आणि लातूरचा शिक्का काही येईना. या नव्या संघटनेचा कारभार माझ्याच गळ्यात. मी आषाढातच सगळ्या पोरींच्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. ती तर जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून सही करत होती. ते फॉर्म शाळेच्या कपाटात पडून राहिले. मी लातूरला चकरा मारून मारून टेकीला आलो. "येईल की, घाई काय लागली तुम्हाला," असं उत्तर मिळायचं. अरे, घाई म्हणजे काय? पोरीचा जन्म चालला होता!

मग मी वस्तादांना पत्र लिहिलं. दुसरं कुणाला लिहिणार? पानभर तिचं कौतुक केलं, शिक्क्याचं रडगाणं गायलं, आणि शेवटी अक्कल पाजळली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तिच्या आईचं माहेर लोह्याकडचं, म्हणून पोरीचा जन्म आजोळी, नांदेड जिल्ह्यातला. शाळेच्या रजिस्टरात जन्मस्थळ तेच लागलेलं. नियम असा होता की जिथं जन्म झाला किंवा जिथं खेळाडू राहतो, त्यातल्या कुठल्याही एका जिल्ह्याकडून खेळता येतं. दोन्हीकडून फॉर्म गेला तर मात्र खेळाडू बाद. हा नियम मला वस्तादांनीच शिकवला होता. माझ्या कॉलेजच्या दिवसांत एक पिचर असाच बाद झाला होता, तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. पत्रात मी लिहिलं, "तशी ती जन्मानं तुमचीच आहे, पण वाढवली मी आहे, तेव्हा ती लातूरचीच." गंमत म्हणून लिहिलं. पत्राला उत्तर आलं नाही. वस्ताद पत्रं लिहायचे नाहीत, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

पोळ्याला ती आजोळी गेली असं पोरींकडून कळलं. पोळा होऊन आठ दिवस झाले, पंधरा झाले, पोरगी येईना. मी म्हटलं, आजोबा सोडत नसतील, लाडाची नात. त्याच सुमारास मी ग्लोव्ह मागायला नांदेडला गेलो. आमचे तीन ग्लोव्ह फाटून त्यातून बोटं दिसायला लागली होती आणि वस्ताद नाही म्हणायचे नाहीत.

मैदानात शिरलो. नांदेडच्या मुलींचा सराव चालला होता. पिचरच्या जागी पिवळ्या शर्टातली एक पोरगी पाठमोरी उभी होती. तिनं हात फिरवला, चेंडू सोडला, आणि चेंडू कुठं पडतो ते बघायच्या आधीच मी ओळखलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वेळी तिनं मागं बघितलं आणि "सर, तुमी आलात!" म्हणून हसत पळत माझ्याकडं यायला लागली. दुसऱ्याचा शर्ट अंगात घालून हसती! मला वाटलं, केवढी निगरगट्ट पोरगी ही. मी तोंड फिरवलं. ती अर्ध्या वाटेत थांबली आणि तशीच उभी राहिली.

वस्ताद सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "वस्ताद, हे काय केलं तुम्ही?"

"बस आधी. पाणी पी."

"पाणी गेलं खड्ड्यात! माझी पोरगी आहे ती."

"तुझा शिक्का आलाय का?"

मी मैदानाकडं बघायला लागलो.

"न्हाई ना? मंग तिचं वर्ष वाया घालू का मी? आजोळी राहते, इथं खेळते. फॉर्म भरून गेलाय तिचा. संघात नाव आलं की वसतिगृह. तुला तेच पाहिजे व्हतं की न्हाई?"

"मला एक शब्द तरी सांगायचा."

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

खरं बोचलं की मी ओरडतो. सगळ्या मैदानासमोर मी त्यांना बेइमान म्हणालो. माझं पत्र वाचून चोरी केलीत म्हणालो. तुमच्याकडं यंदा पिचर नव्हती म्हणून हा सगळा पुळका, असंही म्हणालो, आणि ते खरंच होतं, कारण ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. मी ग्लोव्ह न घेताच परत निघालो. मुदखेडला घरी न जाता तशीच अहमदपूरची एसटी धरली. गाडीत माणसं होती म्हणून रडलो नाही, एवढंच.

गोष्ट सांगताना मी इथं थांबतो. इथपर्यंत सगळे माझ्या बाजूनं असतात.

परत आलो तर तिसऱ्या दिवशी लातूरहून माणूस आला. मान्यतेचा कागद आणि शिक्का घेऊन! फॉर्म पाठवायला चार दिवस उरले होते. मी कपाट उघडलं, फॉर्म काढले आणि एकेकावर शिक्का मारत गेलो. तिचा फॉर्म हातात आला. कोरीव अक्षरातली ती सही. तो बाजूला काढून ठेवायला मला किती वेळ लागला असता? पेनाचं टोपण काढण्याइतकाही नाही. तिच्याशिवाय अकरा पोरी होत्याच, माझा संघ पुरा होता.

मी स्वतःलाच सांगितलं, ती आपली आहे. हुडकली आपण, वाढवली आपण, भाकरी आपली खाल्ली. नियमानं बघायचं तर राहते आपल्या जिल्ह्यात, हक्क आपला. बाद झाली तर वस्तादांची पिचर बाद होईल, त्यांना कळू दे. असं शब्दाशब्दानं म्हणालो मी मनात, आज लपवत नाही. आणि शिक्का मारला. जोरात मारला. तो फॉर्म बाकीच्या सगळ्यांच्या वर ठेवला, म्हणजे वाचणाऱ्याला आधी दिसावा.

राज्याचा संघ निवडायची जिल्ह्याजिल्ह्यांची स्पर्धा परभणीला होती. पहिल्याच सकाळी टेबलावरच्या माणसानं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तिचं नाव दोनदा वाचलं आणि वस्तादांना बोलावलं, मग मला बोलावलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, फार वर्षांपूर्वी उभे होतो तसे. ती पिवळ्या शर्टात, हातात ग्लोव्ह घालून, खेळायला तयार होती. तिला शर्ट काढून द्यायला सांगितलं. आत घरचा झंपर होता, खांद्याला ठिगळ असलेला. वस्ताद माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "तू?" मी म्हणालो, "मग? तुम्ही करावं आणि आम्ही करू नये?" त्यांचा संघ दुसऱ्या सामन्यात हरला. आमचा पहिल्यातच. त्यानंतर वस्ताद माझ्याशी आणि मी वस्तादांशी कधी बोललो नाही.

ती शाळेत आली नाही. मी रस्ता बदलला, तीन मैलांचा वळसा घालून शाळेत जायला लागलो. बायकोनं विचारलं, "कामून हो?" मी म्हटलं, तिकडं धूळ लई उडते. पण दसरा जवळ आला तसं राहवेना. एका दुपारी गेलो.

ढीग लांबूनच दिसला. होता तसाच टोकदार. ती अल्याड उभी राहून दगड सोडत होती, आणि एकही इकडचा तिकडं पडत नव्हता. मला बघून आईनं हातोडी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला. उद्याचा दसरा झाला की परवा निघतो म्हणाली, गाडी ठरलीय, भांडी बांधून झालीत.

पोरगी जवळ आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, त्या दिशी नांदेडला तुमी तोंड फिरवलं. माझं काय चुकलं व्हतं?"

"मला न सांगता गेलीस तू."

ती चकित होऊन बघायला लागली. "पोळ्याला वस्ताद आजोळी आले आन् म्हणले, तुमीच मला तिकडं खेळाय सांगितलंय! तुमच्या पत्रातली ओळ दाखवली त्यांनी, 'ती जन्मानं तुमचीच' म्हणून. अक्षर तुमचंच व्हतं की. म्हणून तर गेले. न्हाईतर मी कशाला गेली असती?"

मी उन्हात उभा होतो. म्हणजे माझ्याच शब्दाखातर ती तिथं गेली होती, म्हणून हसत पळत येत होती, आणि मी तिला निगरगट्ट ठरवून मोकळा झालो होतो.

आई म्हणाली, "सर, आमाला अडाण्याला काय कळतं. पर दोन ठिकाणचा फॉर्म गेला म्हणून बाद झाली म्हणतेत. दुसरा तुमचा व्हता म्हणं. खरं का?"

मी हो म्हणून मान हलवली.

आईनं आणखी काही विचारायच्या आत पोरगीच मध्ये पडली. "आई, म्या तुला सांगितलं की. सरांला ठावंच नसंल तो नियम. ठावं असता तर भरला असता का त्यांनी?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ठावं न्हवतं ना सर?"

बायका दगड फोडायच्या थांबल्या होत्या. सगळ्या ऐकत होत्या. वस्तादांनी मला फसवलं तेव्हा पाठीमागून फसवलं. ही पोरगी समोर उभी होती, डोळ्यांत डोळे घालून, आणि माझ्या वतीनं उत्तर तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मला फक्त खरं बोलायचं होतं. एक शब्द.

"न्हाई गं," मी म्हणालो. "ठावं न्हवतं."

"बघ," ती आईला म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. हसलीसुद्धा थोडी. "म्या म्हणलंच व्हतं, आपले सर असं करायचे न्हाईत."

मग तिला आठवण झाली की सर उन्हातून आलेत. बाभळीच्या सावलीला मडकं होतं, दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं. तिनं गडवा भरला, वरचा कचरा बोटानं काढला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि सगळं पाणी प्यालो.